पंचाचा निकाल आणि घरातला वाद

सामना मैदानावर संपतो, पण पाहणाऱ्यांचा सामना त्यानंतर सुरू होतो. वरळीच्या चाळीत माझे सारे आयुष्य गेले. मंडळांचे कबड्डीचे सामने संपले की रात्री उशिरापर्यंत जिन्यावर, गॅलरीत, नळावर एकच विषय असायचा. "त्याचा पाय रेषेबाहेर होता," "दम केव्हाच तुटला होता," "पंच त्यांच्याच गल्लीतला." बायका भांडी घासता घासता त्यात भाग घ्यायच्या. हा आपल्याच वस्तीचा स्वभाव आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. साठी उलटल्यावर मुलीकडे अमेरिकेला गेले आणि कळले, की पंचाला नावे ठेवण्याच्या बाबतीत सारी माणसे एकाच चाळीतली आहेत.

माझी मुलगी कॅलिफोर्निया राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटो शहरात राहते. २०२३ सालचा वसंत ऋतू मी तिच्याकडे काढला. या शहराचा बास्केटबॉलचा संघ म्हणजे सॅक्रामेंटो किंग्ज. माझा बारा वर्षांचा नातू त्याच शहरात जन्मलेला, म्हणून तो किंग्जचा. जावई नोकरीच्या सुरुवातीला सान होजेला राहिलेले, म्हणून ते शेजारच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाचे. वॉरियर्सचे मैदान सान फ्रान्सिस्कोत, सॅक्रामेंटोपासून दीडशे किलोमीटरच्या आत. म्हणजे एका छपराखाली दोन पक्ष आणि मधे माझी मुलगी. तिचा पक्ष एकच, जेवण गरम असताना सर्वांनी ताटावर यावे!

ज्या भगिनींना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका वेळी प्रत्येक बाजूचे पाच खेळाडू, अठ्ठेचाळीस मिनिटांचा खेळ, तीन पंच. चेंडू टोपलीत टाकणाऱ्याला कोणी अयोग्य रीतीने धक्का दिला तर तो फाऊल, आणि त्याला विनाअडथळा चेंडू टाकण्याची संधी मिळते. तिला फ्री थ्रो म्हणतात. एका खेळाडूचे सहा फाऊल झाले की त्याला त्या सामन्यातून बाहेर बसावे लागते. आता दहा धिप्पाड माणसे एवढ्याशा जागेत धावणार, उड्या मारणार, तर अंगाला अंग लागणारच. त्यातला कोणता धक्का खेळाचा आणि कोणता गुन्ह्याचा, हे पंचाने डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवायचे. म्हणूनच या खेळात पंचाच्या शिट्टीला फार वजन आहे, आणि म्हणूनच तिच्यावरून भांडणेही फार.

किंग्ज संघाशी माझेही एक नाते निघाले. त्याचे एक प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले गृहस्थ. २०१९ च्या ऑक्टोबरात हा संघ मुंबईला आला होता आणि आमच्या वरळीतल्याच एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळला होता. दोन्ही हरला. पहिला तर जादा वेळेत, १३२ विरुद्ध १३१ असा एका गुणाने. हे नातवाला सांगितले तेव्हा आजीची किंमत घरात एकदम वाढली.

त्या वर्षी किंग्ज संघ सोळा हंगामांनंतर प्रथमच बाद फेरीत पोचला होता. संघ जिंकला की मैदानाच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा एक झोत आभाळात सोडत. नातू तो पाहायला अंगणात धावायचा. पहिल्याच फेरीत गाठ पडली ती वॉरियर्सशी. सात सामन्यांची मालिका, चार जिंकेल तो पुढे. आमच्या घरात दोन आठवडे सण आणि सुतक एकदमच होते.

पहिला सामना किंग्जने १२६-१२३ असा जिंकला. दुसऱ्या सामन्यात, १७ एप्रिलला, मोठा तंटा झाला. किंग्जचा डोमांटास साबोनिस खाली पडला असता त्याने वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनचा पाय धरला, आणि ग्रीन त्याच्या छातीवर पाय देऊन पुढे गेला. पंचांनी ग्रीनला मैदानाबाहेर काढले, साबोनिसलाही टेक्निकल फाऊल दिला. पुढे ग्रीनवर एका सामन्याची बंदीही आली. त्या रात्री जेवताना जावई म्हणाले, "पाय धरला म्हणूनच तो अडखळला ना? सुरुवात कोणी केली?" नातू ताडकन उठला. "पप्पा, छातीवर पाय देतात का कोणाच्या?" दोघांनी तेच चित्र चार-चार वेळा पाहिले. एकाला त्यात फक्त हात दिसत होता, दुसऱ्याला फक्त पाय. डोळे बाप-लेकाचे सारखेच, पण पाहणारे मन वेगळे!

चौथ्या सामन्यात उलटे घडले. वॉरियर्सचा थोर खेळाडू स्टीफन करी याने शेवटच्या मिनिटात टाइमआऊट मागितला, पण त्यांच्याकडे एकही शिल्लक नव्हता. नियमाप्रमाणे टेक्निकल फाऊल झाला, किंग्जला एक गुण आणि चेंडूही मिळाला. तरीही किंग्ज १२६-१२५ असे एका गुणाने हरले. शेवटचा फटका टोपलीच्या कडेला लागून बाहेर आला. नातवाला त्या सामन्यातले वॉरियर्सच्या बाजूने गेलेले सारे निर्णय पाठ होते. स्वतःच्या संघाला मिळालेला तो गुण मात्र त्याच्या हिशेबात कुठे नव्हता.

अखेर ३० एप्रिलचा सातवा सामना. करीने एकट्याने पन्नास गुण केले आणि वॉरियर्स १२०-१०० असे जिंकले. नातू न जेवता अंथरुणात शिरला. मी जवळ जाऊन बसले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आजी, पंच विकलेले आहेत. आम्हाला ते जिंकू देतच नाहीत. खेळून उपयोगच नाही."

शेवटचे वाक्य माझ्या काळजाला लागले. तो स्वतः शाळेच्या संघात खेळतो. दुसऱ्या दिवशी त्याने सरावाला जायचे नाकारले.

माझी मुलगी म्हणाली, "अरे, पंच म्हणेल ते मुकाट्याने मानायचं आणि घरी यायचं. मोठ्यांशी वाद घालू नये." जावई हसण्यावारी नेत म्हणाले, "आई, हरलेल्या संघाला पंच नेहमी विकलेलाच वाटतो. दोन दिवसांत विसरेल." मला दोघांचेही म्हणणे पटेना. पन्नास गुण करणाऱ्या माणसापुढे वीस गुणांनी झालेला पराभव पंचाच्या माथी मारणे हे खोटेच होते. पण पंच नेहमी बरोबरच असतो, हे मुलाला शिकवणे त्याहून मोठे खोटे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एकतर्फी निकाल सोसले, त्या घरातल्या आजीने नातवाला "निकाल देणारा चुकत नाही" असे कोणत्या तोंडाने सांगावे?

मी स्वतः तो अनुभव घेतलेला आहे. एका सरकारी कार्यालयात मी टंकलेखिका होते. १९९४ साली बढतीच्या यादीत माझ्या मागच्या दोघी पुढे गेल्या. विचारले तर उत्तर मिळाले, "गोपनीय अहवालात शेरा साधारण आहे." आधीच्या वर्षांचे शेरे चांगले होते. साधारण का झाला, कोणत्या कामात मी कमी पडले, हे कोणी सांगेना. शेरा वाईट नाही म्हणून कळवायचे कारण नाही, असा तेव्हाचा रिवाज. वाईट नाही, पण बढती अडवायला पुरेसा! ज्या साहेबांनी तो लिहिला ते अन्यायी होते असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्यांचे कारण मला कधी दिसलेच नाही. दुःख नेमके तेच होते. शिट्टी वाजली, पण कशासाठी वाजली हे खेळणाऱ्याला ठाऊक नाही. पुढे २००८ साली देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अहवालातला प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो, साधारण असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. निवृत्तीच्या आधीची काही वर्षे अहवालाची प्रत माझ्या हातात येऊ लागली. शेरे सगळेच गोड नव्हते. पण कशाला उत्तर द्यायचे ते कळत होते.

नातवाला हे सारे कसे सांगावे, या विचारात मी होते. मदतीला आले शेजारचे एक निवृत्त बसचालक. कृष्णवर्णीय गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे, किंग्जचे जुने भक्त. संध्याकाळी ते झाडांना पाणी घालत असत आणि मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी बोलत असे. नातवाचे गाऱ्हाणे ऐकल्यावर त्यांनी पाण्याची नळी बंद केली आणि २००२ ची गोष्ट काढली.

सॅक्रामेंटोत २००२ हे नुसते साल नाही, ती जखम आहे. त्या वर्षी किंग्ज आणि लॉस एंजेलिस लेकर्स यांची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. ३१ मे रोजीच्या सहाव्या सामन्यात शेवटच्या बारा मिनिटांत लेकर्सला तब्बल २७ फ्री थ्रो मिळाले आणि ते १०६-१०२ असे जिंकले. किंग्जचे दोन उंच खेळाडू, व्लादे दिवाच आणि स्कॉट पोलार्ड, सहा फाऊल होऊन बाहेर बसले. लेकर्सच्या कोबी ब्रायंटचे कोपर किंग्जच्या माइक बिबीच्या तोंडावर बसले, आणि फाऊल दिला गेला तो बिबीवर. ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनी संघटनेच्या प्रमुखांना पत्र लिहून चौकशी मागितली. पुढे २००७ साली टिम डोनाघी नावाचा पंच जुगाराच्या प्रकरणात सापडला, त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याने २००८ साली वकिलामार्फत आरोप केला, की २००२ च्या त्या मालिकेतही पंचांनी पक्षपात केला होता. संघटनेने तो फेटाळला. तिने नेमलेल्या वकिलाच्या चौकशीत दुसरा कोणताही पंच गुन्हेगार असल्याचा पुरावा निघाला नाही.

नातू डोळे विस्फारून ऐकत होता. "म्हणजे मी म्हणतो तेच खरं!"

शेजारी म्हणाले, "थांब, अजून संपलं नाही." मग त्यांनी दुसरी बाजू मांडली. त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात अखेरच्या क्षणी चेंडू किंग्जच्या ख्रिस वेबरला लागून बाहेर गेला होता, पण पंचांनी तो किंग्जलाच दिला. त्यावर बिबीने टोपली केली आणि किंग्ज ९२-९१ असे जिंकले. "ती चूक आमच्या गावात कोणी काढत नाही," ते हसून म्हणाले. आणि सातवा सामना? तो किंग्ज जादा वेळेत ११२-१०६ असे हरले. त्या सामन्यात त्यांना तीस फ्री थ्रो मिळाले होते, त्यातले चौदा वाया गेले. फ्री थ्रोच्या वेळी समोर कोणी आडवा नसतो. "सहाव्या सामन्याचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही," ते म्हणाले, "पण ते चौदा फटके पंचाने चुकवले नाहीत."

भगिनींनो, हे वाक्य मला मोलाचे वाटले. त्या गृहस्थांनी अन्याय झाकला नाही आणि आपले उणेही झाकले नाही. दोन्ही एकाच वहीत लिहिले.

मग माझ्या मुलीने मला एक माहिती वाचून दाखवली. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ पासून पुढच्या तेरा हंगामांतल्या एनबीए सामन्यांची आकडेवारी तपासली. त्यांना आढळले, की पंच ज्या वर्णाचे, त्याहून वेगळ्या वर्णाच्या खेळाडूवर थोडे जास्त फाऊल दिले जातात. फरक मोठा नव्हता, पण एकदोन सामन्यांत डोळ्यांना दिसणार नाही असा तो हजारो सामन्यांच्या मोजणीत दिसला. २००७ च्या मे महिन्यात हे वर्तमानपत्रांत आले आणि एकच खळबळ उडाली. संघटनेने निष्कर्ष मान्य केला नाही, आपली वेगळी आकडेवारी पुढे केली.

खरी गोष्ट त्यापुढची आहे. याच अभ्यासकांनी डेव्हिन पोप यांच्यासह नंतरचे हंगाम तपासले. बातमी फुटण्याआधीच्या वर्षांत तो फरक तसाच होता. बातमीनंतरच्या वर्षांत तो नाहीसा झालेला दिसला. म्हणजे बहुतेक पंचांना आपल्या मनातला कल ठाऊकही नसावा. तो मोजून समोर ठेवल्यावर माणसे सावध झाली.

मी हे दोनदा वाचायला लावले. आपल्याकडे एक समजूत आहे, की पक्षपात करणारा तो दुष्टच असतो, आणि दुष्ट नसेल तर पक्षपात नाहीच. इथे दिसते ते निराळे. सज्जन माणसाच्या हातूनही तराजू एका बाजूला कलू शकतो, आणि त्याला शिव्या दिल्याने तो सरळ होत नाही. वजने तपासून आकडा भिंतीवर लावला, तर होऊ शकतो.

बास्केटबॉलच्या संघटनेनेही पुढे हळूहळू तीच वाट धरली. २००२ च्या त्या मालिकेच्या चौथ्या सामन्यात वेळ संपल्याचा भोंगा वाजल्यावर हातातून सुटलेला लेकर्सचा एक लांबचा फटका तीन गुणांचा धरला गेला होता, आणि किंग्ज तो सामना ९९-१०० असे एका गुणाने हरले होते. तेव्हा चित्रफीत पाहून खात्री करण्याची सोय नव्हती. पुढच्याच हंगामापासून अशा फटक्यांसाठी ती आली. २०१४ साली न्यू जर्सीत चित्रफिती तपासण्याचे मध्यवर्ती केंद्र सुरू झाले. २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय तपासून कोणता बरोबर, कोणता चूक आणि कोणती शिट्टी वाजायला हवी होती पण वाजली नाही, याचा अहवाल जाहीर होऊ लागला. २०१९-२० च्या हंगामापासून प्रशिक्षकाला पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येते. त्या अहवालाने हरलेला सामना परत मिळत नाही, हे खरे. पंचांच्या संघटनेलाही हा प्रकार आवडलेला नाही. पण हरलेल्याला निदान कारण कळते, आणि साधारण शेऱ्याचे कारण कधीच न कळलेल्या बाईला त्याची किंमत विचारा!

या सगळ्यावरून मी नातवाला एक काम दिले. वॉरियर्सची पुढची गाठ लेकर्सशी होती. किंग्ज त्यात नव्हते, म्हणजे त्याचे मन जरा मोकळे. मी त्याला एक शंभर पानी वही आणायला लावली आणि तीन रकाने आखून दिले. पहिल्यात, मला चूक वाटलेला निर्णय. दुसऱ्यात, तो कोणाच्या फायद्याचा झाला. तिसऱ्यात, पुन्हा चित्र पाहिल्यावर काय दिसले. अट एकच, तिसरा रकाना भरल्याशिवाय पंचाला नाव ठेवायचे नाही. जावयांनाही वेगळी वही दिली. ते आधी हसले, मग चष्मा लावून बसले.

पहिल्या दिवशी दोघांच्या वह्या वेगवेगळ्या देशांतल्या वाटाव्यात इतक्या निराळ्या होत्या. पण तिसऱ्या रकान्यात दोघांनाही बऱ्याच ओळी खोडाव्या लागल्या. न खोडता उरलेल्या ओळीही होत्या, आणि त्यांवर बाप-लेकांचे एकमत होते. पंच तिथे खरोखर चुकला होता. त्या ओळींवर नातवाने लाल पेन्सिलीने खूण केली. वाद थांबला नाही, थांबायलाही नको होता. फक्त आवाज खाली आला आणि "ते नेहमीच असं करतात" हे वाक्य घरातून कमी झाले. चार दिवसांनी तो आपण होऊन सरावाला गेला. जाताना मी विचारले, "आज काय शिकणार?" म्हणाला, "फ्री थ्रो. तिथे पंच आडवा येत नाही."

ज्या घरात मुले खेळतात, त्या घरातल्या आयांना आणि आज्यांना माझे एवढेच सांगणे आहे. मूल रडत येऊन म्हणाले, की माझ्यावर अन्याय झाला, तर त्याला गप्प बसवू नका. अन्याय होतात, आपल्यापेक्षा हे कोणाला जास्त ठाऊक? पण त्याच्या हो ला लगेच होही म्हणू नका. त्याला विचारा, काय झाले, किती वेळा झाले, तुझ्या बाजूने कधी झाले का, आणि तुझे स्वतःचे किती फटके चुकले. एवढ्या प्रश्नांनंतरही जे उरेल ते खरे गाऱ्हाणे. ते कोणापुढेही मान ताठ ठेवून मांडता येते, आणि ऐकणाऱ्याला ते सहजासहजी उडवून लावता येत नाही.